तीन पायऱ्यांचं दुकान: काष्ठौषधींच्या एका जुन्या दुकानाचं १:२४ मॉडेल

पार्श्वभूमी

पुण्यात नदीकडच्या एका पेठेत काष्ठौषधींचं, म्हणजे वाळवलेल्या औषधी वनस्पतींचं, दुकान होतं. खाली दुकान, वर बिऱ्हाड, त्यावर माळा आणि मंगलोरी कौलांचं छप्पर. दर्शनी बाजू तीन खणांची (दोन खांबांमधली जागा म्हणजे एक खण), एकूण १८ फुटांची. पुढून मागे ३२ फूट. डावी-उजवीकडे शेजाऱ्यांशी सामाईक भिंती, त्यामुळे उजेड यायचा तो फक्त पुढून आणि मागच्या चौकातून. सागवानी खांब, खाली दगडी तळखडे, वर कडीपाट, म्हणजे लाकडी कड्यांवर फळ्यांची तक्तपोशी. कुटुंबाचं नाव आणि पेठ मुद्दाम सांगत नाही.

इमारतीला धोकादायक म्हणून नोटीस लागली. शेजारच्या दोन मिळकतींसह पुनर्विकास ठरला आणि पाडकामाला पाच आठवडे उरले असताना घरातल्या नातवाचा मला फोन आला. मी मॉडेलं करतो, पण ती बिल्डरांसाठी: पांढरे टॉवर, स्पंजची हिरवी झाडं, पोहण्याच्या तलावाला निळं अॅक्रिलिक. अजून न झालेल्या इमारतींची. इथे उलटं होतं.

मागणी एका वाक्यात होती: "आजोबांना दुकान जसं होतं तसं बघायचंय." आजोबा म्हणजे दुकानाचे मालक, ज्यांना मी काका म्हणायला लागलो. जन्म १९४४चा. नवीन इमारतीत दुकानासाठी गाळा मिळणार होता आणि मॉडेल तिथे काउंटरवर काचेत ठेवायचं होतं. जागा दोन फूट बाय दीड फूट.

अडचण

"जसं होतं तसं" म्हणजे कधी होतं?

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा पुढे रोलिंग शटर होतं, वरच्या सज्जावर पत्रा, एका खणात मोबाइलचं भाड्याने दिलेलं दुकान आणि भिंतीवर विजेच्या वायरींचा गुंता. हे मॉडेल कुणालाच नको होतं. काका बोलायचे ते फळ्यांच्या दुकानाबद्दल, म्हणजे शटरऐवजी सुट्या लाकडी फळ्यांनी बंद व्हायचं त्याबद्दल. नातवाला त्याच्या लहानपणीचं दुकान आठवत होतं, ज्यात शटर होतं. कागदपत्रांतला सगळ्यात जुना उतारा त्याहूनही मागचा होता, पण त्यावर इमारत कशी दिसायची हे कुठे लिहिलेलं नसतं.

पुण्यातली जुनी माणसं काळ मोजतात तो "पानशेतच्या आधी" आणि "पानशेतच्या नंतर" असा. १२ जुलै १९६१ला पानशेतचं धरण फुटलं, खालचं खडकवासलाही टिकलं नाही आणि नदीकाठच्या पेठांमध्ये पाणी शिरलं. या दुकानातही शिरलं. औषधांच्या कपाटाचे लाकडी खण फुगले, माल गेला, फळ्या वाहून गेल्या, आणि त्याच वर्षी दिवाळीआधी शटर बसलं. काकांच्या आठवणीतलं दुकान आणि आत्ता समोर उभं असलेलं दुकान यांच्यामध्ये ती एक तारीख होती.

म्हणून पहिला निर्णय हा: मॉडेल १९६१च्या उन्हाळ्याचं. हे ठरवायला दोन बैठका गेल्या आणि त्या वेळी मला तो वेळ वाया गेल्यासारखा वाटला. पुढचे निम्मे वाद या एका निर्णयामुळे मिटले. उदाहरणार्थ, ओळंबा सोडला तर दर्शनी भिंत वरच्या मजल्यावर तीन इंच पुढे झुकलेली निघाली. माझ्या हाताखालच्या मुलाला ती झुकलेलीच दाखवायची होती, त्याला त्यात जुनेपणा दिसत होता. पण मागची तुळई कुजली ती छप्पर गळायला लागल्यावर, ऐंशीच्या दशकात. १९६१ला भिंत सरळ होती. सरळ केली.

पर्याय

मॉडेलचं प्रमाण, म्हणजे खऱ्या इमारतीपेक्षा किती पट लहान. १:५०ला मॉडेल तळहातावर मावलं असतं, पण फूटभर उंचीची बरणी सहा मिलिमीटरची झाली असती आणि दुकानाचा जीव बरण्यांत आणि खणांत होता. १:१२ला आतलं सगळं झकास आलं असतं, पण मॉडेल ३२ इंच लांब होऊन काउंटरवरून बाहेर आलं असतं. राहिलं १:२५ किंवा १:२४. आमच्या धंद्यात सगळे १:२५ वापरतात, कारण नकाशे मीटरमध्ये असतात. ही इमारत मात्र बांधणाऱ्याने फूट-इंचात बांधलेली. १:२४ म्हणजे अर्ध्या इंचाला एक फूट. टेपवर वाचलं की माप तयार, कॅल्क्युलेटर नको. इमारत ९ बाय १६ इंच, उंची साडेतेरा. निदान तेव्हा तरी साडेतेरा.

आतलं कसं दिसणार? छप्पर उचलता येईल असं करावं, की दर्शनी भाग बिजागरीवर उघडावा, की एक भिंत काढून टाकावी? छप्पर उचललं तर वरचा मजला दिसतो, दुकान दिसत नाही. बिजागरीने दर्शनी बाजूचं सगळं सौंदर्य दोन फटींत कापलं जातं. शेवटी उत्तर इमारतीनेच दिलं. सामाईक भिंतीत खिडकी नाही, कोनाडा नाही, काही नाही. उजवीकडची भिंत बसवलीच नाही; कापलेल्या कडांना गडद राखाडी रंग दिला, म्हणजे इथे भिंत होती हे कळतं.

लाकूड. इथे माझं आणि काकांचं पटेना. त्यांचा आग्रह: मॉडेल दुकानाच्याच सागवानाचं. भावना समजण्यासारखी, पण सागाच्या रेषा मोठ्या. अर्ध्या मिलिमीटरची रेषा १:२४ला बारा मिलिमीटरची भेग वाटते. सहा इंची खांबाचा तुकडा कापून दाखवला तेव्हा ते म्हणाले, "हा खांब नाही, हे ओंडकं वाटतंय." मग शिवणीचं लाकूड घेतलं, मऊ आणि एकसारखं. जुन्या तुळईतून मॉडेलखालचा पाट केला आणि उंबराही तिच्यातूनच काढला. उंबऱ्यावर रेषा दिसल्या तर चालतं. खऱ्या उंबऱ्यावरही पाय पडून पडून तशा आल्याच होत्या.

मोजणी

चार रविवार मोजणीला मिळाले. लेझर मीटर होता, पण कडीपाटाच्या खाली आणि जिन्याच्या बोळात तो वेडीवाकडी मापं देत होता, तेव्हा साधा टेप आणि दोन माणसं. प्रत्येक फोटोत एक फुटाची काळीपांढरी पट्टी धरली. ही सवय ज्याने कुणी मला लावली त्याचे उपकार आहेत.

तिसऱ्या रविवारी माळ्यावर एक मांडणी सापडली. तिची सगळ्यात खालची फळी उलटी केली तर एका टोकाला '७' कोरलेला. पुरातून वाचलेली दुकानाची सातवी फळी! अशा दुकानांना दार नसे. वरच्या-खालच्या खाचेत एकेक फळी सरकवत न्यायची, प्रत्येकीला आकडा, क्रम चुकला की शेवटची बसत नाही. शेवटच्या फळीला कोयंडा. काकांच्या म्हणण्याप्रमाणे फळ्या नऊ होत्या. सापडलेली फळी १४ इंच रुंद, आणि दोन खणांचं मोकळं तोंड साडेदहा फूट. नऊ गुणिले चौदा, बरोबर साडेदहा फूट. आठवण आणि टेप इतके जुळलेले मी क्वचित पाहिले आहेत.

कौलं

छपराचा हिशेब केला तर दोन पाख्यांवर (छपराच्या दोन उतारांवर) मिळून हजारावर कौलं. मंगलोरी कौल साधारण ४१० बाय २३५ मिलिमीटर, मॉडेलमध्ये १७ बाय १०. बासेल मिशन या ख्रिस्ती संस्थेने मंगळूरला १८६५मध्ये कारखाना काढला, पुढे ही कौलं पश्चिम किनाऱ्यापासून घाटावरपर्यंत पसरली. त्यांची ओळख म्हणजे अंगावरच्या दोन खोल पन्हळी. त्या नसतील तर छप्पर पत्र्याचं वाटतं.

आधी मातीची केली, हवेत वाळणाऱ्या मातीची. मिलिमीटरभर जाड कौल वाळताना कडेने वर उचलायचं. शंभरातली वीस बसायची. मग थ्रीडी प्रिंट. कौल अचूक आलं, पण हजारच्या हजार तंतोतंत सारखी! छप्पर प्लॅस्टिकच्या खेळण्यासारखं दिसायला लागलं, शिवाय जड. शेवटी जाडसर कार्डशीटच्या पट्ट्या घेतल्या. पितळेचा नर-मादी ठसा करून घेतला, पट्टी किंचित ओली करून दाबायची, एका पट्टीत २६ कौलं. एका पाखीला २० ओळी, म्हणजे एकूण ४० पट्ट्या. खालची ओळ आधी, वरची तिच्यावर चार मिलिमीटर चढवून. वाळल्यावर चपड्याचा, म्हणजे लाखेच्या पॉलिशचा, हात.

सगळं बसल्यावर चाकूच्या टोकाने वीस-पंचवीस कौलं सुटी करून जरा तिरपी सरकवली, पाचसहा गडद केली. गेरूत काजळी मिसळून रंग दिला, पन्हाळीजवळ जास्त काळा. हे शेवटचं दोन तासांचं काम होतं आणि त्यानंतरच ते छप्पर कौलारू दिसू लागलं.

हिरवा की निळा

फोटो एकच, काळापांढरा, १९६१च्या आधीचा एका लग्नाच्या वरातीचा. दुकान पाठीमागे. रंग कुठला? काका म्हणाले, फळ्या हिरव्या. त्यांच्या थोरल्या बहिणीला फोन लावला, त्या म्हणाल्या निळ्या, आणि ठाम.

लाकडावरचा रंग पाहायची साधी रीत आहे: बारीक पॉलिशपेपरने गोल घासत जायचं, थर झाडाच्या खोडासारखे वर्तुळात उघडतात. दर्शनी खांबावर असे पाच थर निघाले. पण त्यातला १९६१चा कुठला? इथे शटर कामाला आलं. शटरची लोखंडी पट्टी खांबावर ठोकलेली होती आणि ती बसली पुरानंतर लगेच. तिच्या मागे नंतरचा रंग जाणं शक्य नव्हतं. पट्टी उचकटली. मागे वरचा थर हिरवा.

बहिणीचं काय? सातवी फळी पुन्हा काढली. एक बाजू हिरवी, दुसरी निळी. काका पोरवयात दुकान उघडायला बाहेर उभे असायचे. बहीण दुपारच्या वेळी बंद दुकानात आत बसून हिशेबाच्या वह्या आखायच्या.

रंग डब्यातून जसाच्या तसा लावला नाही, थोडा पांढरा मिसळला. लहान वस्तूवर पूर्ण गडद रंग काळपट दिसतो.

आतलं सामान

पाठीमागच्या भिंतीला खणांचं मोठं लाकडी कपाट: आडवे बारा, उभे सात, एकूण ८४ खण. त्यातले पाच घरात खिळे-स्क्रू ठेवायला वापरात होते म्हणून माप मिळालं. मॉडेलमध्ये एका खणाचं तोंड साडेआठ बाय सहा मिलिमीटर. वरच्या पट्टीवर नाव: हिरडा, बेहडा, आवळकाठी, ज्येष्ठमध, पिंपळी, वावडिंग, नागरमोथा, काकडशिंगी, मुरुडशेंग... काकांनी ८४पैकी ७१ नावं जागा धरून सांगितली. बाकीच्यांवर आम्ही काही लिहिलं नाही.

अक्षराची उंची अर्धा मिलिमीटर आली. घरच्या प्रिंटरवर वेलांट्या-मात्रा मिसळून मुंग्या दिसायच्या. १२०० डीपीआयच्या लेझर प्रिंटवर वाचता आलं, तेही भिंगातून. नातू म्हणाला, अक्षर दुप्पट करू, कुणाला कळतंय. मी नाही म्हटलं. अक्षर वाढलं की पट्टी वाढते, पट्टी वाढली की खण लहान वाटतो. काचेच्या पेटीला साखळीने एक भिंग लावलं.

ताजव्याची पारडी जरीकामातल्या वाटीदार टिकल्यांची, साखळीच्या जागी मेण लावलेला दोरा. वजनं कुठली ठेवायची यावर काकांनी पटकन सांगितलं: दोन्ही. दशमान वजनांचा कायदा १९५६चा, पण गिऱ्हाईक शेरातच मागायचं. नवी वजनं वर, जुनी गल्ल्याखाली. तशीच ठेवली.

पायऱ्या

चौथ्या महिन्यात काकांची बहीण पुण्यात आली. तोवर कधीच त्यांना बोलावलं नव्हतं. इमारतीचं बाहेरचं काम संपलेलं, मॉडेल पाटावर चिकटवलेलं. त्यांनी चष्मा पुसला, मॉडेलभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाल्या, "छान झालंय रे, पण हे बुटकं का? आपल्या दुकानाला तीन पायऱ्या होत्या."

मॉडेलला एकच पायरी होती, कारण जागेवर एकच होती.

फोटो परत काढला. वरातीतल्या माणसांच्या पायांमागे जोत्याचे घडीव दगड दिसतात. भिंगाखाली मोजले: चार थर. मी मोजणी केली तेव्हा रस्त्याच्या वर दोनच होते, प्रत्येक सात इंचांचा. साठ वर्षांत डांबरावर डांबर पडत रस्ता चौदा इंच वर आला होता आणि दोन पायऱ्या त्यात बुडाल्या होत्या. मध्यवस्तीत राहणाऱ्या कुणालाही ही गोष्ट माहीत असते. मलाही होती. पण टेपचं शून्य मी रस्त्यावर धरलं, कारण नेहमी तिथूनच धरतो.

आता तीन वाटा होत्या. तसंच ठेवायचं, काकांना चालत होतं. किंवा पुढच्या बाजूला रस्ताच खाली उतरता दाखवायचा, हे सोपं, पण मग मॉडेलची रस्त्यापासूनची उंची तीन बाजूंनी खोटी. किंवा इमारत पाटावरून सोडवून खाली पंधरा मिलिमीटरचं जोतं घालायचं. तिसरी वाट धरली. तार तापवून फेविकॉलचा थर कापत इमारत सोडवायला अख्खा दिवस लागला. मागच्या भिंतीचा कोपरा तुटला, जिन्याचे दोन गज निखळले. काळ्या दगडाचे नवे थर पीव्हीसी फोमचे, टोकदार हत्याराने टिचवून. दोन नव्या पायऱ्या.

उंची चौदा इंचांच्या वर गेली. खरं सांगायचं तर त्या पंधरा मिलिमीटरने मॉडेलचा चेहराच बदलला. दुकान ओट्यावर बसलेलं दिसायला लागलं, नुसतं रस्त्यावर उभं नाही.

या आजी, म्हणजे काकांची बहीण, दोन दिवस राहिल्या. वरच्या मजल्याचं निम्मं काम त्यांच्याकडून कळलं: चूल कुठे, पाण्याचे हंडे कुठल्या कोपऱ्यात, सज्जाच्या कठड्याला लोणच्याच्या फोडी वाळत घालायला बांधलेली दोरी. पुरुषांना दुकान ठाऊक होतं. वरचं घर त्यांना ठाऊक नव्हतं, आणि आम्ही ते आपल्या मनाने भरून काढलं होतं.

पावसाळा

अकरा आठवड्यांत होईल म्हटलं होतं; सात महिने लागले, म्हणून मधला पावसाळा गाठ पडला. भिंतींसाठी जिथे एमडीएफ (लाकडाच्या भुशाचा दाबलेला बोर्ड) वापरलं ती फुगली नाही, कारण आधी दोन्ही बाजूंनी चपडा दिला होता. पण मागच्या चौकाकडच्या एका भिंतीला आतून द्यायचा राहिला आणि ती पोटाला आली. ती काढून पीव्हीसी फोमची केली. फळ्यांसाठी खाचेत पाव मिलिमीटर मोकळं ठेवलं होतं. जुलैत तिसरी आणि पाचवी अडकल्या. मी घासायला घेतल्या तर काका म्हणाले, "राहू द्या. त्या वेळी पण याच अडकायच्या, मी लाथ मारायचो." तरी घासल्या. त्यांच्या घरी लाथ मारणारं कुणी असेल याची खात्री नव्हती.

निष्पत्ती

मॉडेल नव्या गाळ्यात काउंटरवर आहे. अतिनील किरणं अडवणाऱ्या अॅक्रिलिकची पेटी, कारण लेबलं छापील आहेत आणि गाळा पश्चिमेकडे तोंड करून. पेटीची पुढची बाजू निघते. फळ्या एकेक करून काढता येतात. सामान्य गिऱ्हाईक पाहतं ते छप्पर. मुलं भिंग ओढतात.

घरातून एक तक्रार आली: मागच्या चौकातलं तुळशीवृंदावन मी फूटभर सरकवलं आहे. पाडकाम होऊन गेल्यामुळे तपासता येणार नाही. मोजणीत तिथे पाण्याची टाकी होती.

पुन्हा करायचं तर

शून्य दुकानाच्या आतल्या जमिनीवर धरीन, उंबऱ्याला लागून. ती फरशी कुणी चौदा इंच उचलत नाही. रस्ता, गटार, फुटपाथ हे सगळं तिथून खाली-वर मोजायचं आणि जोत्याचे थर फोटोशी ताडून पाहायचे.

पहिल्या बैठकीला घरातली सगळी म्हातारी माणसं, सासरी गेलेल्या बायकांसकट. निदान फोनवर.

पाटावर चिकटवण्याआधी मॉडेल आठवडाभर स्क्रूवर उभं ठेवायचं. एवढं केलं असतं तर तारेने कापायचा तो दिवस वाचला असता.

कौलांसाठी सरळ कार्डशीटपासून सुरुवात. मातीत गेलेले तीन आठवडे परत मिळणार नाहीत.

सागवानाच्या बाबतीत मात्र मी पुन्हा भांडेन.

मोजमापाची वही मी कुटुंबाला देऊन टाकली. मागच्या आठवड्यात एका दुरुस्तीसाठी गेलो तेव्हा ती उघडली. शेवटच्या पानावर काकांच्या अक्षरात, पेन्सिलने: "ताजव्याखाली पाट होता. तो राहिला." पाट दीड फूट बाय एक फूट, दोन आडव्या पट्ट्यांचा. माप घेऊन आलोय.